हिग्स सापडल्यावर कोलायडर कशासाठी चालवायचा?

प्रश्न कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा आहे. बारावीच्या मुलांनी त्यांना विचारलं, इतर मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण, म्हणजे हिग्स बोसॉन, २०१२ साली सापडला, त्यानंतर एलएचसीतून, म्हणजे प्रोटॉन एकमेकांवर आपटणाऱ्या जिनिव्हाजवळच्या कोलायडरमधून, एकही नवा मूलकण निघालेला नाही. मग ते यंत्र अजून का चालवतात, आणि त्याच्या तिपटीहून मोठं यंत्र बांधायचं म्हणतात ते कशाच्या भरवशावर? बाईंनी त्याला स्वतःची एक अडचण जोडली आहे. प्रोटॉनवर प्रोटॉन आपटून निसर्गाचे नियम कसे कळतात, हे मुलांना पटेल असं सांगता येत नाही.

माझी बहुतेक कारकीर्द आधी लेप आणि मग एलएचसी या दोन कोलायडरांच्या डेटावर काम करण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. बाईंच्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती सुटली की मुलांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती येतं.

दोन घड्याळं एकमेकांवर आपटायची आणि उडालेल्या चक्रांवरून आतली रचना ओळखायची, हे उदाहरण बहुतेक ठिकाणी दिलं जातं. माझं मत विचाराल तर वर्गात ते देऊ नये. घड्याळातून घड्याळाचेच भाग बाहेर पडतात. प्रोटॉनच्या टकरीतून मात्र हिग्स बाहेर पडतो, आणि त्याचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट आहे. टॉप क्वार्क हा सर्वांत जड मूलकण तर १८४ पट जड. हे कण प्रोटॉनच्या आत दडून बसलेले नव्हते, टकरीच्या क्षणी ते नव्याने जन्माला आले. इलेक्ट्रॉनचं, क्वार्कचं, हिग्सचं अशी क्षेत्रं विश्वात सगळीकडे पसरलेली आहेत आणि कण म्हणजे त्या क्षेत्रात उठलेला तरंग, असं आजचं भौतिकशास्त्र मानतं. जड कणाचा तरंग उठवायला ऊर्जा जास्त लागते, आणि ती सगळीच्या सगळी एका बिंदूइतक्या जागेत आणून ओतावी लागते. आइन्स्टाइनचं वस्तुमान-ऊर्जेचं सूत्र मुलांना तोंडपाठ असतंच. कोलायडर ते सूत्र उलट्या दिशेने वापरतो, ऊर्जेकडून वस्तुमानाकडे.

आता कणांच्या दोन शलाका, म्हणजे झोत, समोरासमोर आणण्याचा आटापिटा कशासाठी, हे आकड्यांत दाखवा. मुलांना ते लगेच पटतं. एलएचसीत आज प्रत्येक प्रोटॉनला ६.८ टीईव्ही, म्हणजे ६८०० जीईव्ही ऊर्जा दिली जाते. (एक जीईव्ही म्हणजे एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कणांचं वस्तुमानही आम्ही याच एककात सांगतो.) असे दोन प्रोटॉन समोरासमोर भिडले की नवे कण घडवायला १३,६०० जीईव्ही उपलब्ध होतात. तोच ६८०० जीईव्हीचा प्रोटॉन एखाद्या स्थिर प्रोटॉनवर आदळवला तर? संवेग अक्षय्य राहायला हवा, म्हणून टकरीनंतरचा सगळा पसारा पुढेच धावत राहतो आणि जवळजवळ सगळी ऊर्जा त्या धावण्यात अडकून पडते. नवं काही घडवायला उरतात फक्त ११३ जीईव्ही. गणित सोपं आहे : २ गुणिले प्रोटॉनचं वस्तुमान ०.९३८ गुणिले ६८००, आणि त्याचं वर्गमूळ. हिग्सचं वस्तुमान १२५ जीईव्ही आहे. म्हणजे तेच सत्तावीस किलोमीटरचं यंत्र, तीच शलाका, पण लक्ष्य स्थिर ठेवलं असतं तर हिग्स कधीच तयार झाला नसता.

ही कल्पना प्रत्यक्षात आणायला लावली ती ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ ब्रुनो टाउशेक यांनी. रोमजवळच्या फ्रास्काती इथे १९६१ मध्ये त्यांचं ‘आडा’ नावाचं वर्तुळाकार यंत्र सुरू झालं. त्याचा व्यास दीड मीटरही नव्हता. एकाच कड्यात एका दिशेने इलेक्ट्रॉन आणि उलट्या दिशेने त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन फिरवता येतात, हे त्याने दाखवून दिलं. पुढचे सगळे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडर त्याच वंशातले.

मुलं हमखास आणखी एक शंका काढतात : अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांत याहून कितीतरी जास्त ऊर्जेचे कण असतात, मग यंत्र हवंच कशाला? शंका रास्त आहे. पॉझिट्रॉन, म्युऑन, पायॉन हे सगळे वैश्विक किरणांतच आधी सापडले. पण सर्वांत जास्त ऊर्जेचे, म्हणजे एकावर वीस शून्यं इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्टचे कण एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत एखादाच येतो. तो कुठे पडेल आणि कशावर आदळेल हे आपल्या हातात नसतं. एखाद्या गोष्टीची संभाव्यता अब्जात एक असेल तर ती मोजायला टकरा अब्जावधी हव्यात, ठरलेल्या ठिकाणी हव्यात आणि आपल्या उपकरणाच्या ऐन मध्यावर व्हायला हव्यात.

इथे कोलायडरची खरी अडचण समोर येते. समोरून येणारी शलाकासुद्धा विरळच असते. एलएचसीत प्रोटॉन पुंजक्यांनी फिरतात. एका पुंजक्यात शंभर अब्जांहून जास्त प्रोटॉन असतात, आणि टकरीच्या जागी चुंबकांनी दाबून दाबून पुंजक्याची रुंदी केसापेक्षाही कमी केलेली असते. एवढं करूनही दोन पुंजके एकमेकांतून आरपार जातात तेव्हा टकरा होतात पन्नास-साठ. बाकीचे प्रोटॉन एकमेकांना न शिवता निघून जातात, आणि तेच पुंजके पुढच्या फेरीला पुन्हा समोरासमोर येतात, सेकंदाला ११,२४५ वेळा. म्हणून आमच्याकडे रोजच्या बोलण्यात ऊर्जेपेक्षा ‘ल्युमिनॉसिटी’ हा शब्द जास्त असतो. ठरावीक क्षेत्रफळातून, ठरावीक वेळात टकरीच्या किती संधी मिळाल्या याचं ते माप. बातम्यांत ऊर्जेचा आकडा येतो, पण प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचं सगळं भवितव्य ल्युमिनॉसिटीच्या आकड्यावर असतं.

आता मुलांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ‘नवा कण नाही म्हणजे नवं काही नाही’ हे गृहीतकच मला मान्य नाही. कोलायडर हे सर्वप्रथम मोजमापाचं यंत्र आहे, आणि नीट केलेलं मोजमाप यंत्राच्या ऊर्जेच्या पलीकडचंही सांगतं. याचा सर्वांत चांगला दाखला लेपचा आहे आणि माझ्या मते कणभौतिकीच्या इतिहासात त्याला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळालेलं नाही, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, आज ज्या बोगद्यात एलएचसी आहे त्याच बोगद्यात, १९८९ ते २००० या काळात लेप चालला. त्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरी व्हायच्या. त्यावरच्या चार मोठ्या प्रयोगांपैकी एल-३ या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा गट होता. सुरुवातीची वर्षं यंत्राची ऊर्जा झेड या, क्षीण बल वाहून नेणाऱ्या कणाच्या वस्तुमानाभोवती, म्हणजे ९१ जीईव्हीच्या आसपास ठेवलेली होती. झेड कण आधीच, १९८३ मध्ये, सर्नच्याच दुसऱ्या कोलायडरवर सापडलेला. म्हणजे लेपने पहिल्या टप्प्यात जे केलं ते सगळं एका जुन्या कणाचं मोजमाप होतं.

त्या मोजमापातून मिळालं काय? झेडच्या विघटनानंतर न्यूट्रिनोंची, म्हणजे पदार्थाला जवळजवळ न शिवता आरपार जाणाऱ्या कणांची, जोडी तयार होते तेव्हा डिटेक्टरला, म्हणजे कण टिपणाऱ्या उपकरणाला, काहीच दिसत नाही. पण न्यूट्रिनोंचे जितके जास्त प्रकार, तितका झेडचा ऊर्जा-आलेख (कोणत्या ऊर्जेला किती झेड दिसतात तो) रुंद होतो आणि त्याचं शिखर खाली येतं. चौथ्या प्रकारचा हलका न्यूट्रिनो असता तर शिखर सुमारे १३ टक्क्यांनी खचलं असतं. शिखर खचलेलं नव्हतं. प्रकारांची संख्या तीन, हे १९८९ सालीच पहिल्या काही आठवड्यांच्या डेटावरून दिसलं. चारही प्रयोगांच्या संपूर्ण डेटाचं अंतिम उत्तर २.९८४ आलं, अनिश्चितता ०.००८. डिटेक्टरला जे दिसतच नाही, त्याची मोजदाद झाली होती.

शिखराची उंची मोजायची तर ल्युमिनॉसिटी अचूक माहीत हवी. ती कशी काढायची? ज्या प्रक्रियेचं गणित कागदावर पूर्ण ठाऊक आहे अशी एक प्रक्रिया घ्यायची, ती किती वेळा घडली ते मोजायचं आणि भागाकार करायचा. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरवर त्यासाठी वापरतात ‘भाभा स्कॅटरिंग’. इलेक्ट्रॉनने पॉझिट्रॉनला हलकेच बाजूला ढकललं तर कोणत्या कोनात किती कण जातील, याचं हे गणित होमी भाभांनी केंब्रिजमध्ये असताना केलं आणि ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं. टीआयएफआरची स्थापना त्यानंतर नऊ वर्षांनी. जगात कुठेही इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडर सुरू झाला की पहिली मोजणी असते ती ‘भाभा’ घटनांची. मुंबईतल्या मुलांना हे सांगितलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

वरचं २.९८४ हे उत्तर तीनपेक्षा किंचित कमी होतं. फार नाही, पण डोळ्यांत खुपेल इतकं. लेप बंद होऊन जवळपास वीस वर्षं झाल्यावर, २०१९-२० च्या सुमारास, काही जणांनी ल्युमिनॉसिटीचा हिशेब पुन्हा तपासला. समोरून येणाऱ्या पुंजक्याच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रामुळे भाभा स्कॅटरिंगमधले कण अगदी जरासे आत ओढले जातात. हा परिणाम एक सहस्रांशाच्या आसपासचा, आणि तो पूर्वीच्या हिशेबात पुरेसा धरलेला नव्हता. ती दुरुस्ती झाली, त्यासोबत भाभा स्कॅटरिंगचं गणितही सुधारून घेतलं गेलं, आणि उत्तर आलं २.९९६. अनिश्चितता ०.००७. यंत्र मोडीत निघालं तरी नीट जपलेला डेटा बोलत राहतो.

लेपच्या शलाकेची ऊर्जा मोजतानाचा एक किस्सा तर प्रत्येक भौतिकशास्त्राच्या वर्गात सांगावा असा आहे. ऊर्जेत दिवसाच्या वेळेनुसार चढउतार दिसत होते. शोध घेतल्यावर कारण निघालं चंद्र. समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही अगदी किंचित येते, आणि सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्याचा परीघ त्यामुळे सुमारे एक मिलिमीटर बदलतो. शलाकेच्या फेरीची लांबी रेडिओ लहरींच्या वारंवारतेने बांधलेली असते, तिला ताणायला वाव नाही. मग कडं पसरलं की शलाका चुंबकांच्या मध्यापासून थोडी सरकते, तिला वेगळं चुंबकीय क्षेत्र भेटतं आणि ऊर्जा बदलते. याशिवाय दिवसा एक गोंगाट असायचा, तो मध्यरात्रीनंतर थांबायचा आणि पहाटे पुन्हा सुरू व्हायचा. तो जिनिव्हा-पॅरिस धावणाऱ्या वेगवान विजेच्या गाड्यांचा निघाला. रुळांतून जमिनीत झिरपणारा विद्युतप्रवाह लेपच्या नळीतून वाट काढत होता. फ्रेंच रेल्वेचा संप झाला त्या दिवशी गोंगाटही गायब! चंद्र, जिनिव्हा सरोवराची पातळी आणि रेल्वे, या सगळ्यांचा हिशेब धरल्यावर झेडचं वस्तुमान ९१,१८७.६ एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) ठरलं, अनिश्चितता अवघी २.१ एमईव्ही.

एवढी अचूकता कशासाठी, तर पुंजवादानुसार जे कण तयार करायला ऊर्जा पुरत नाही, तेही टकरीच्या गणितात क्षणिक भाग घेतात आणि झेड व क्षीण बलाचाच दुसरा वाहक डब्ल्यू यांच्या गुणधर्मांना किंचित धक्का देतात. लेपला टॉप क्वार्क तयार करता येणं शक्यच नव्हतं. पण या धक्क्यांवरून त्याचं वस्तुमान साधारण कुठे असेल याचा अंदाज आधीच बांधलेला होता, आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या टेव्हाट्रॉन या कोलायडरवर तो त्याच पट्ट्यात सापडला. हिग्सच्या बाबतीतही तो फार जड नसावा, असं लेपच्या मोजमापांनी आधीच सुचवलं होतं.

एलएचसीचा स्वभाव वेगळा. प्रोटॉन हा मूलकण नाही, तो क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांचा गोतावळा. टक्कर होते ती त्यातल्या एकेका घटकाची, आणि त्या घटकाने प्रोटॉनच्या ऊर्जेतला किती वाटा उचलला होता हे प्रत्येक टकरीत बदलतं. म्हणून प्रोटॉनचा कोलायडर एका झटक्यात ऊर्जेचा फार मोठा पट्टा चाळतो, पण उरलेला कचराही अफाट असतो. साधारण दोन अब्ज टकरींमागे एक हिग्स तयार होतो.

सगळं साठवणं अशक्य आहे. सगळे पुंजके मिळून सेकंदाला चार कोटी वेळा समोरासमोर येऊ शकतात. मी ज्या सीएमएस प्रयोगात काम केलं तिथे पहिली चाळणी इलेक्ट्रॉनिक सर्किटांची आहे. ती सुमारे चार मायक्रोसेकंदांत ठरवते की ही घटना ठेवायची की सोडायची. तेवढा वेळ डेटा डिटेक्टरवरच्या चिपांमध्ये रांगेत उभा असतो. चार कोटींतल्या एक लाख घटना पुढे जातात, मग संगणकांची चाळणी त्यातल्या हजाराच्या आसपास निवडून कायमच्या साठवते. याला ट्रिगर म्हणतात. सोडलेली घटना गेली ती गेलीच, ती कोणालाही कधीही परत पाहता येत नाही. कोलायडरवरच्या कामात सर्वांत मोठी जबाबदारी कुठली असं विचाराल तर मी ट्रिगरकडे बोट दाखवीन. ज्या गोष्टीची आपण कल्पनाच केलेली नाही ती चाळणीतून निसटू नये म्हणून कोणते निकष लावायचे, यावर आमच्या बैठकांत जितकी तळमळीची चर्चा व्हायची तितकी दुसऱ्या कशावरही नाही. थोडा तपशील गाळून पण जास्त घटना साठवण्याच्या नव्या पद्धती आता वापरात आल्या आहेत, त्या याच काळजीतून.

हिग्स ज्या वाटांनी सापडला त्यातली एक म्हणजे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण. हजारांतले जेमतेम दोन हिग्स दोन फोटॉनमध्ये विघटन पावतात, आणि फोटॉनच्या जोड्या इतर प्रक्रियांतून मुबलक निघतात. एकेका घटनेकडे बघून ‘हा हिग्स’ असं कोणीच सांगू शकत नाही. प्रत्येक जोडीचं एकत्रित वस्तुमान काढायचं, आलेखावर मांडायचं आणि सरळ उतरत जाणाऱ्या रेषेवर १२५ जीईव्हीपाशी लहानसा उंचवटा दिसतो का ते बघायचं. फोटॉनची ऊर्जा मोजण्यात ढिलाई झाली तर उंचवटा पसरतो आणि बॅकग्राउंडमध्ये विरघळून जातो. सीएमएसमध्ये ही ऊर्जा लेड टंगस्टेटचे ७५ हजारांहून जास्त स्फटिक मोजतात. काचेसारखे पारदर्शक, पण हातात घेतले तर लोखंडापेक्षाही जड. किरणोत्सर्गाने त्यांची पारदर्शकता घटते आणि शलाका बंद असली की हळूहळू सावरते. म्हणून शलाकेतल्या बारीक फटी साधून प्रत्येक स्फटिकात लेसरचा प्रकाश सोडत राहतात आणि आज हा स्फटिक किती धूसर झालाय, याची नोंद ठेवून दुरुस्ती करतात. ४ जुलै २०१२ ला जगाने जो उंचवटा पाहिला त्याच्या पाठीशी ही दिवसरात्र चाललेली नोंदवही होती.

भारताचा वाटा विचाराल तर सीएमएसच्या डिटेक्टरमध्ये चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर चकाकी देणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यांचा एक थर आहे. हॅड्रॉनचा, म्हणजे क्वार्कांपासून बनलेल्या कणांचा, जोरदार वर्षाव आतल्या थरांत पुरता शोषला गेला नाही तर त्याची शेपटी तिथे पकडली जाते. ती शेपटी निसटली तर ऊर्जेचा ताळेबंद चुकतो आणि काहीतरी अदृश्य कण निघून गेल्याचा भास होतो. हा थर उभा करण्याचं मुख्य काम टीआयएफआरचं. खुद्द यंत्रातली भलीमोठी चुंबकं ज्या अचूक जॅकांवर बसवली आहेत ते सुमारे सात हजार जॅक भारतातून गेले. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

उंचवटा दिसला म्हणजे कण सापडला, असं मात्र नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना फोटॉनजोड्यांच्या आलेखात ७५० जीईव्हीपाशी काहीतरी वर आलेलं दिसलं. दोघांनाही, एकाच जागी. काही महिन्यांत त्यावर सैद्धांतिक मांडणी करणारे पाचशेहून जास्त शोधनिबंध आले. ऑगस्ट २०१६ पर्यंत कितीतरी जास्त डेटा जमला आणि उंचवटा सपाट झाला. ती निव्वळ योगायोगाची चढउतार होती. पाच सिग्मा, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक, ही शोध जाहीर करण्याची अट आम्ही का पाळतो ते इथे समजतं. हजारो आलेख पाहणाऱ्या माणसाला कुठेतरी काहीतरी वर आलेलं दिसणारच.

हिग्सनंतर काय झालं, त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट डब्ल्यू बोसॉनच्या वस्तुमानाची. टेव्हाट्रॉन २०११ मध्ये बंद झाला. त्यावरच्या सीडीएफ प्रयोगाने पुढची अकरा वर्षं विश्लेषण करून एप्रिल २०२२ मध्ये आकडा जाहीर केला : ८०,४३३.५ एमईव्ही, अनिश्चितता ९.४. स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलकणांचा आजचा मान्य सिद्धांत, त्याच्या हिशेबाप्रमाणे तो ८०,३५५ च्या आसपास हवा. तफावत खरी असती तर स्टँडर्ड मॉडेलला तडा गेला असता. सप्टेंबर २०२४ मध्ये सीएमएसने आपला आकडा दिला : ८०,३६०.२, अनिश्चितता ९.९. मॉडेलशी जुळणारा. डब्ल्यू विघटन पावून म्युऑन आणि न्यूट्रिनो देतो, न्यूट्रिनो पळून जातो, आणि एकट्या म्युऑनच्या संवेगाच्या वाटणीवरून डब्ल्यूचं वस्तुमान काढावं लागतं. त्यासाठी म्युऑनच्या संवेगाचं माप दहा हजारांत एका भागाइतकं बिनचूक लागतं. प्रोटॉनच्या टकरींच्या त्या गर्दीत हे साधेल, असं एलएचसी सुरू झाला तेव्हा फार थोड्यांना वाटलं असतं. ही बातमी २०१२ सारखी जगभर गाजली नाही. माझ्या लेखी ती त्याच तोलाची आहे.

बाकीचं थोडक्यात. हिग्सचा टॉप क्वार्क, बॉटम क्वार्क आणि इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद टाऊ यांच्याशी असलेला संबंध मोजला गेला, म्युऑनशी असलेल्या संबंधाचेही पुरावे मिळाले. एलएचसीवर सत्तरहून जास्त नवे हॅड्रॉन सापडले, त्यात पाच क्वार्कांचे पेंटाक्वार्कही आहेत. हे मूलकण नव्हेत, पण नवे कण नक्कीच. २०२५ मध्ये एलएचसीबी प्रयोगाने बॅरिऑनच्या, म्हणजे प्रोटॉनसारख्या तीन क्वार्कांच्या कणाच्या, विघटनात पदार्थ आणि प्रतिपदार्थ यांच्या वागण्यातला फरक प्रथमच दाखवला. आणि प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार कण असतो असं मांडणाऱ्या अतिसममितीच्या ज्या सोप्या आवृत्त्या माझ्या पिढीला जवळजवळ हमखास वाटत होत्या, त्यांच्यासाठी जागा फारच थोडी उरली. ग्लुऑनचा जोडीदार ग्लुइनो यासारखे कण दोन टीईव्हीपर्यंत सापडलेले नाहीत. यात पुष्कळांची आयुष्यभराची मेहनत होती, हे मला ठाऊक आहे. पण निसर्गाने ‘असं नाही’ म्हणून दिलेलं उत्तरही विज्ञानाच्या खात्यावर जमाच होतं.

मोठ्या यंत्राचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि मुलांना तो सोपा करून सांगू नये. एलएचसी बांधताना हातात एक हमी होती. हिग्स नसता तर डब्ल्यू बोसॉन एकमेकांवर आदळण्याची संभाव्यता एक टीईव्हीच्या आसपास एकाहून जास्त निघाली असती, जे अशक्य आहे. म्हणजे हिग्स किंवा त्याच्या जागी दुसरं काहीतरी दिसणारच होतं. आज अशी हमी कोणाकडेही नाही. सर्नने प्रस्तावित केलेल्या ९१ किलोमीटरच्या एफसीसी या कोलायडरचा व्यवहार्यता अहवाल मार्च २०२५ मध्ये आला. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक आहे. ‘यातून नवा कण मिळेलच’ असं सांगून हा पैसा मागणं मला चुकीचं वाटतं.

मग माझं समर्थन कशाला? पहिल्या टप्प्यात हा पुन्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा कोलायडर असेल, लेपसारखा. लेपच्या चारही प्रयोगांनी मिळून पावणेदोन कोटी झेड पाहिले, इथे त्याची अपेक्षा पाच लाख कोटींची आहे. आणि २४० जीईव्हीला झेड आणि हिग्स जोडीने तयार होतात तेव्हा एक सुंदर सोय होते. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची एकूण ऊर्जा नेमकी माहीत असते, त्यातून झेडची ऊर्जा आणि संवेग वजा केला की हिग्स तिथे होता हे हिग्सकडे न बघताच कळतं. तो कशात विघटन पावला, अगदी पूर्ण अदृश्य झाला, तरी मोजला जातो. प्रोटॉनच्या कोलायडरवर हे शक्य नाही. हिग्स हा आपल्याला माहीत असलेला एकमेव मूलकण आहे ज्याला स्पिन, म्हणजे अंगभूत परिवलन, नाही. विश्वाच्या पहिल्या क्षणांत त्याचं क्षेत्र कसं स्थिरावलं, यावर आजचा पदार्थ का उरला याचं उत्तर अवलंबून असू शकतं. त्यासाठी हिग्स स्वतःशीच कसा वागतो ते मोजायला हवं, आणि दोन हिग्स एकत्र तयार होण्याची घटना एकट्या हिग्सपेक्षा हजारपटीहून दुर्मीळ आहे. एलएचसीची ल्युमिनॉसिटी वाढवण्याचं जे काम चालू आहे, त्यातून २०३० नंतर या मोजमापाला ढोबळ सुरुवात होईल. म्हणून एलएचसी चालूच ठेवायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एफसीसीबद्दल माझा कौल होकाराचा आहे, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही नीट ऐकून घ्यावं असं आहे. अमेरिकेने टेक्सासमधला ८७ किलोमीटरचा कोलायडर १९९३ मध्ये सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाल्यावर अर्ध्यात सोडला. त्यात पैशाइतकंच नुकसान झालं ते तयार माणसं पांगल्याचं.

कोलायडरमुळे वेब मिळालं, कॅन्सरवर उपचार मिळाले, असा युक्तिवाद मी टाळतो. वेब १९८९ मध्ये सर्नमध्येच सुचलं हे खरं. खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात प्रोटॉनचे उपचार होतात, ते पाहून आनंदही वाटतो. पण ते श्रेय त्वरकांचं, म्हणजे कणांना नुसता वेग देणाऱ्या यंत्रांचं, आहे, आणि रुग्णांसाठी यंत्र हवं असेल तर सरळ रुग्णांसाठीच बांधावं. कोलायडर बांधायचा तो झेड, डब्ल्यू आणि हिग्स मोजायला.

बाई, मुलांना हे सगळं नुसतं सांगू नका, करायला लावा. सर्नचं खुल्या डेटाचं संकेतस्थळ २०१४ पासून सर्वांसाठी मोफत आहे. तिथे सीएमएसच्या २०१० च्या टकरींमधल्या म्युऑनजोड्यांची, एक लाख घटनांची साध्या तक्त्यातली फाइल मिळते. प्रत्येक ओळीत दोन म्युऑनची ऊर्जा आणि संवेगाचे तीन घटक आहेत. ऊर्जांची बेरीज करून वर्ग करायचा, संवेगांची सदिश बेरीज करून तिचा वर्ग त्यातून वजा करायचा आणि वर्गमूळ काढायचं. स्प्रेडशीट चालते, पायथॉन येत असेल तर उत्तमच. लाख उत्तरांचा स्तंभालेख काढला की ३.१ जीईव्हीपाशी जे-साय, ९.५ च्या आसपास अप्सिलॉन आणि ९१ पाशी झेड या कणांची शिखरं उभी राहतात. आडवा अक्ष लॉगरिदमिक ठेवा, नाहीतर डावीकडची शिखरं एकमेकांत मिसळतात. आणि झेडच्या शिखराची रुंदी मुलांकडून मोजून घ्या. ती लेपच्या २.५ जीईव्हीपेक्षा थोडी जास्त येईल. ती का जास्त येते, हा प्रश्न मात्र त्यांनाच सोडवू द्या.